खानदेशातील मजकूर-संकलनाची परंपरा आणि संगणकीय उत्खननास नकार देण्याचा हक्क : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक :

इतिहासाचा अभ्यास हा बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या घरात असलेल्या कागदांचा अभ्यास असतो. कागद ज्याच्या ताब्यात आहे त्याने तो दाखविला तर इतिहास लिहिला जातो. त्याने रुमाल सोडण्यास नकार दिला तर तेवढा भाग अंधारात राहतो. त्यामुळे 'कागद कोणाचा, तो कोणी वाचावा व कोणत्या कामासाठी वाचावा' हा प्रश्न इतिहास-संशोधनाइतकाच जुना आहे. एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात हाच प्रश्न एका नव्या क्षेत्रात उभा राहिला. संगणकाच्या आज्ञावली, म्हणजे कोड, ज्या सार्वजनिक संकेतस्थळांवर साठविला जातो तेथून तो मोठ्या प्रमाणावर उचलून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रारूपांना शिकविण्यासाठी वापरला जाऊ लागला. या प्रक्रियेस 'मजकूर व माहितीचे उत्खनन' असे म्हटले जाते. आपला कोड या उत्खननातून वगळावा असे सांगण्याचा हक्क कोड लिहिणाऱ्यास आहे काय, आणि असल्यास तो प्रत्यक्षात वापरता येतो काय, हा आजचा वादविषय आहे.

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञानाचा मानला जातो. वस्तुतः त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासातील काही महत्त्वाची प्रकरणे धुळे व जळगाव या जिल्ह्यांत, म्हणजे १९०६ पूर्वीच्या एकसंध खानदेशात घडलेली आहेत. प्रस्तुत निबंधात अशा चार प्रकरणांचा आढावा घेऊन त्यांच्या प्रकाशात कोड-उत्खननाच्या प्रश्नाची मांडणी केली आहे. ती प्रकरणे म्हणजे इनाम कमिशनची कागदतपासणी, इतिहासाचार्य राजवाडे यांचे संकलन, धुळ्याच्या तुरुंगातील गीताप्रवचने आणि बहिणाबाई चौधरी यांची गाणी. 'संमती' हा शब्द चारही ठिकाणी वेगवेगळ्या अर्थाने येतो. तो अर्थभेद स्पष्ट करणे हे या निबंधाचे उद्दिष्ट आहे.

इनाम कमिशन आणि कागद दडविण्याची परंपरा :

पेशवाईच्या अस्तानंतर १८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला. जमीनमहसुलाची घडी बसविताना करमुक्त जमिनी किती व कोणत्या आधारावर उपभोगल्या जातात, याची तपासणी करणे सरकारला आवश्यक वाटले. यातूनच १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार देण्यात आले. दख्खन, खानदेश व दक्षिण मराठा मुलूख हे त्याचे कार्यक्षेत्र होते. इनामदार, वतनदार व देवस्थाने यांनी आपापल्या सनदा, ताम्रपट व वहिवाटीचे कागद कमिशनपुढे मांडावेत आणि कमिशनने त्यांचा पेशवे दप्तरातील नोंदींशी ताळा घ्यावा, अशी ही पद्धत होती. ज्यांचे कागद अपुरे ठरले त्यांची इनामे खालसा झाली. १८६३ च्या कायद्यांनी सरसकट तडजोडीचा मार्ग काढला जाईपर्यंत ही टांगती तलवार कायम होती.

या घटनेचे दोन परिणाम येथे लक्षात घेण्यासारखे आहेत. पहिला परिणाम म्हणजे कागद परक्याला दाखविणे धोक्याचे असते, अशी खोलवरची समजूत निर्माण झाली. जो कागद पूर्वजांच्या मानाचा पुरावा म्हणून जपला होता, तोच सरकारी कारकुनाच्या हाती पडल्यावर जप्तीचे कारण ठरू शकत होता. पुढील पिढ्यांतील अनेक घराण्यांनी संशोधकांना दप्तर दाखविण्यास जी टाळाटाळ केली, तिच्याकडे केवळ अज्ञान म्हणून पाहणे त्यामुळे अन्यायाचे होईल. कागद एका हेतूने लिहिला जातो व दुसऱ्याच हेतूने वाचला जातो, हा अनुभव त्यामागे होता.

दुसरा परिणाम विषमतेचा होता. रयतेचे व इनामदारांचे कागद सरकारने वाचले. परंतु सरकारच्या ताब्यातील पुण्याचे पेशवे दप्तर एतद्देशीय अभ्यासकांना दीर्घकाळ मोकळे नव्हते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध होण्यास १९३० नंतरची वर्षे उजाडावी लागली. ज्याच्याकडे सत्ता आहे तो सर्वांचे वाचतो आणि स्वतःचे मात्र बंद ठेवतो, ही स्थिती येथे प्रथम स्पष्ट दिसते. पुढील विवेचनात तिचा पुन्हा संदर्भ येईल.

इतिहासाचार्य राजवाडे आणि धुळे :

अशा साशंक वातावरणात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव फिरून जुने कागद गोळा करण्याचे व्रत घेतले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे तिचे २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करण्यात त्यांचा पुढाकार होता. आयुष्याच्या अखेरच्या काळात धुळे हे त्यांच्या वास्तव्याचे व कार्याचे ठिकाण झाले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चात लगेच १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले व त्यांनी मागे ठेवलेला कागदसंग्रह तेथे जतन करण्यात आला. धुळ्यातीलच शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाच्या मठांतील हस्तलिखितांच्या संकलनाचे असेच कार्य केले. त्यामुळे खानदेश हा हस्तलिखित-संग्रहाचा एक महत्त्वाचा प्रदेश बनला.

राजवाडे यांच्या पद्धतीचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी मूळ कागद त्याच्या मूळ शब्दांत छापण्यावर भर दिला. कागदाचा सारांश देऊन मूळ बाजूस सारणे त्यांना मान्य नव्हते. छापील खंड हाती घेणाऱ्या वाचकाला पत्र कोणी कोणास लिहिले, त्यातील मिती कोणती, हे पाहता येते आणि संपादकाने काढलेला निष्कर्ष तपासून नाकारताही येतो. म्हणजेच संकलनाच्या प्रवासात कागदाची ओळख पुसली जात नाही. कागद देणाऱ्याला पैशाच्या रूपाने काही मिळाले नसेल, परंतु आपल्या घराण्याचे नाव इतिहासात नोंदविले गेल्याचे समाधान त्याला मिळू शकत होते.

तथापि या पद्धतीलाही मर्यादा होती. एकदा कागद छापला गेला की तो देणाऱ्याचा नकाराचा हक्क संपुष्टात येतो. रुमाल सोडण्यापूर्वी 'नाही' म्हणता येते. खंड प्रसिद्ध झाल्यावर ते म्हणण्यात अर्थ उरत नाही. नकार प्रभावी ठरायचा असेल तर तो आधी विचारला गेला पाहिजे, हे सूत्र राजवाडे यांच्या काळापासूनच सिद्ध आहे. राजवाडे मालकाच्या दारात जाऊन उभे राहत. 'कागद दाखविता का' असे विचारल्याखेरीज पुढचे पाऊल पडणे शक्य नव्हते, आणि ही अडचण हेच मालकाचे संरक्षण होते.

धुळ्याचा तुरुंग, १९३२ :

तिसरे प्रकरण बोललेल्या शब्दाचे आहे. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत १९३२ मध्ये विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अमळनेरच्या शाळेतील अध्यापन सोडून चळवळीत उतरलेले साने गुरुजी त्या वेळी तेथेच बंदिवान होते. त्यांनी ही अठरा प्रवचने लिहून घेतली आणि त्यातूनच 'गीता प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे भारतातील अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली.

येथे बोलणारा एक व लिहून घेणारा दुसरा, अशी विभागणी आहे. परंतु वक्त्याला ठाऊक होते की आपले शब्द टिपले जात आहेत. टिपणारा समोर बसलेला होता. आणि पुढे पन्नास वर्षे, म्हणजे १९८२ मध्ये देहावसान होईपर्यंत, ग्रंथ आपल्या नावाने कसा प्रसृत होतो हे पाहण्याची व त्यात दुरुस्ती करण्याची मुभा विनोबांना होती. ग्रंथावर नाव विनोबांचे राहिले आणि लेखनिक म्हणून साने गुरुजींचे ऋणही विस्मृतीत गेले नाही. ज्ञात व्यक्ती, ज्ञात हेतू व दुरुस्तीचा अवसर ही संमतीची तीन अंगे या प्रकरणात एकत्र आढळतात. ग्रंथ लाखो लोकांपर्यंत पोहोचला तरी या तीन अंगांना बाधा आली नाही. मजकुराचा व्यापक प्रसार आणि लेखकाचा अधिकार यांत विरोध असलाच पाहिजे असे नाही, हे यावरून दिसते.

बहिणाबाईंची गाणी :

चौथे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील आहे व ते अधिक नाजूक आहे. असोदे येथे १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात व घरात काम करताना त्यांनी रचलेली गाणी त्यांचे पुत्र, कवी सोपानदेव चौधरी व आप्त यांनी वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंचे जळगाव येथे निधन झाले. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखविली आणि १९५२ मध्ये अत्रे यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. आज जळगाव येथील विद्यापीठ, जे १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून स्थापन झाले, ते २०१८ पासून या कवयित्रीच्या नावाने ओळखले जाते.

निरक्षर कवयित्रीला छापील पानावर 'हक्क राखून ठेवले आहेत' असे लिहिता येणे शक्य नव्हते. तिच्या शब्दांचे रक्षण कायद्याने केले नाही; ते घरातील माणसांच्या विश्वासाने केले. ही वही एखाद्या परक्या संग्राहकाच्या हाती निनावी पडती, तर 'खानदेशातील स्त्रीगीते' या सामान्य नावाखाली ती गाणी विरून जाण्याची शक्यता होती. ओव्या व जात्यावरील गाण्यांच्या बाबतीत नेमके तेच घडले आहे. असंख्य स्त्रियांची रचना 'लोकसाहित्य' या नावाखाली एकत्र झाली आणि रचणारीचे नाव उरले नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही हा संग्रह उद्बोधक आहे. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ मध्ये १९९२ साली दुरुस्ती होऊन संरक्षणाची मुदत ६० वर्षांची झाली. मरणोत्तर प्रकाशित साहित्यासाठी ही मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षापासून मोजली जाते. त्या हिशेबाने १९५२ च्या संग्रहातील गाण्यांवरील प्रताधिकार २०१२ अखेर संपला. अत्रे यांचे निधन १९६९ मध्ये झाल्यामुळे त्यांच्या प्रस्तावनेवरील प्रताधिकार मात्र २०२९ अखेरपर्यंत राहतो. म्हणजे एकाच पुस्तकाची काही पाने सर्वांसाठी मुक्त आहेत व काही पाने संरक्षित आहेत. माणूस हा भेद जाणू शकतो. पुस्तकाची प्रतिमा घेऊन अक्षरे गिळणाऱ्या यंत्राला तो मुद्दाम शिकविल्याखेरीज कळत नाही.

आणखी एक बाब भाषेची आहे. बहिणाबाईंची बोली अनेकदा सरसकट 'अहिराणी' म्हणून नोंदविली जाते. प्रत्यक्षात ती जळगाव परिसरातील लेवा गणबोली होय. संग्राहक जाणकार असेल तर अशी चूक दुरुस्त होते. कोट्यवधी पानांच्या ढिगात मात्र ती चूक कायमची मुरते व पुढील प्रत्येक उत्तरात तिची पुनरावृत्ती होत राहते.

कोडची भांडारे व नवे उत्खनन :

वरील पार्श्वभूमीवर कोडच्या प्रश्नाकडे वळता येते. संगणकाची आज्ञावली हा भारतीय कायद्यानुसार 'साहित्यकृती'चाच एक प्रकार आहे. अनेक लेखक आपला कोड सर्वांसाठी खुला ठेवतात. परंतु 'खुला' म्हणजे 'बेवारशी' नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रेरणेने १९८९ मध्ये आलेल्या जीपीएल परवान्याची अट अशी की, हा कोड घेऊन जो बदल करील व पुढे वितरित करील त्याने आपला कोडही त्याच अटींवर खुला ठेवावा. एमआयटी परवान्यासारखे सौम्य परवानेही मूळ लेखकाचे नाव व परवान्याचा मजकूर सोबत ठेवण्यास सांगतात. मोबदल्याच्या जागी येथे श्रेय व परतफेड यांची अपेक्षा आहे.

गिटहब हे २००८ मध्ये सुरू झालेले संकेतस्थळ अशा कोडचे जगातील सर्वांत मोठे भांडार बनले. २०१८ मध्ये ते मायक्रोसॉफ्टने विकत घेतले. जून २०२१ मध्ये या कंपनीने 'कोपायलट' हे साधन प्रायोगिक स्वरूपात पुढे आणले व जून २०२२ मध्ये ते शुल्क आकारून सर्वांना उपलब्ध केले. सार्वजनिक भांडारांतील कोडवर शिकविलेले प्रारूप त्याच्या मुळाशी होते. कोड लिहिणाऱ्याने तो वाचकांसाठी व सहकाऱ्यांसाठी ठेवला होता. तो आता एका विक्रेय वस्तूचा कच्चा माल झाला. 'सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी' या संस्थेने २०२२ मध्येच गिटहब सोडण्याचे आवाहन केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये काही अनामिक प्रोग्रामरांनी कॅलिफोर्नियाच्या न्यायालयात दावा दाखल केला. २०२४ मध्ये त्यातील बहुतेक मुद्दे न्यायाधीशांनी फेटाळले. परवान्याच्या अटींच्या भंगाचा मुद्दा मात्र शिल्लक राहिला.

इनाम कमिशनशी असलेले याचे साम्य उघड आहे. कागद एका हेतूने ठेवला गेला व दुसऱ्याच हेतूने वाचला गेला. वाचणारा सर्वांचे वाचतो, परंतु त्याचे स्वतःचे दप्तर, म्हणजे प्रारूप व शिक्षणसामग्री, बंद राहते. फरकही तितकाच महत्त्वाचा आहे. कमिशनने इनाम हिरावले. येथे कोड लेखकाकडेच राहतो. हिरावले जाते ते श्रेय, आणि त्या कोडशी जोडलेली अट.

नकाराची साधने व त्यांच्या मर्यादा :

संकेतस्थळांना यंत्राद्वारे भेट देणाऱ्यांनी काय वाचू नये, हे सांगणारी 'रोबोट्स' नावाची सूचना-फाईल मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचविली. २०२२ मध्ये तिला अधिकृत मानकाचे स्वरूप मिळाले. ही फाईल म्हणजे दारावरची पाटी होय. तिचे पालन सभ्यतेवर अवलंबून असते. शिवाय ती पाटी लावण्याचा अधिकार घराच्या मालकाला असतो. कोड-भांडारात लेखक हा भाडेकरू असतो. संपूर्ण संकेतस्थळाची पाटी त्याला बदलता येत नाही.

युरोपीय महासंघाने २०१९ मध्ये प्रताधिकारविषयक निर्देश काढून उत्खननाचे दोन भाग केले. संशोधन-संस्थांना शास्त्रीय संशोधनासाठी उत्खननाची मुभा तिसऱ्या कलमाने दिली व तेथे नकार चालत नाही. इतर सर्वांना चौथ्या कलमाने मुभा दिली. परंतु हक्कधारकाने स्पष्टपणे, जसे की यंत्राला वाचता येईल अशा रीतीने, हक्क राखून ठेवला असेल तर ती मुभा लागू होत नाही. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये एका छायाचित्रकाराचा दावा संशोधनाच्या अपवादाखाली फेटाळला. त्याच वेळी, साध्या मानवी भाषेत लिहिलेला नकारही यंत्रवाच्य मानता येईल, असे मत सूचित केले. २०२४ च्या युरोपीय कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्याने असे नकार ओळखण्याचे धोरण आखणे प्रारूपकर्त्यांवर बंधनकारक केले. याउलट जपानने २०१८ च्या दुरुस्तीने अशा वापराला व्यापक मुभा दिली व नकाराची तरतूद ठेवली नाही.

कोडच्या क्षेत्रात एक उल्लेखनीय प्रयत्न 'बिगकोड' प्रकल्पाने केला. २०२२ मध्ये त्याने 'द स्टॅक' हा संग्रह प्रसिद्ध करताना सौम्य परवान्यांचा कोड निवडला, आपला कोड त्यात आहे काय हे तपासण्याची सोय केली आणि वगळण्याची विनंती करण्याचा मार्ग ठेवला. २०२४ मधील दुसरी आवृत्ती 'सॉफ्टवेअर हेरिटेज' या फ्रान्समधील संग्रहालयाच्या आधारे तयार झाली. त्या संग्रहालयाने २०२३ मध्येच आपली भूमिका जाहीर केली होती. त्याच्या कोडवर घडविलेली प्रारूपे खुली असावीत, शिक्षणसामग्री ओळखता यावी आणि लेखकाला वगळले जाण्याची सोय असावी, अशी ती होती. संग्रह करणारा स्वतःचे दप्तरही उघडे ठेवतो, म्हणून ही भूमिका राजवाडे यांच्या परंपरेला जवळची वाटते.

तरीही मूळ अडचण उरते. कोडच्या प्रती सहज होतात. एका भांडारात नकार नोंदविला तरी दुसऱ्याने घेतलेल्या प्रतीला तो लागू होत नाही. एका प्रकल्पात अनेकांचा हात असतो; नकार कोणी द्यावा हे ठरत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शिकलेले प्रारूप शिकलेले विसरत नाही. छापलेल्या खंडाप्रमाणेच येथेही उशिरा दिलेला नकार निष्फळ ठरतो. राजवाडे यांना आधी विचारावे लागे. येथे आधी घेतले जाते आणि 'नको असल्यास कळवा' असे सांगितले जाते. शोधण्याचे कष्ट संग्राहकाकडून मालकाकडे सरकले, हा या काळातील खरा बदल होय.

भारतीय कायद्याची स्थिती :

भारतीय प्रताधिकार कायद्यात मजकूर-उत्खननासाठी स्वतंत्र अपवाद नाही व नकाराची स्वतंत्र तरतूदही नाही. कलम ५२ मधील 'न्याय्य वापर' संशोधनासह खाजगी उपयोगाला वाव देतो. परंतु व्यापारी प्रारूपाचे शिक्षण त्यात बसते काय, हा वाद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात हाच मुद्दा उपस्थित झाला. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही येथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे.

केंद्रीय उद्योग विभागाने २०२५ मध्ये नेमलेल्या समितीच्या कार्यपत्राचा पहिला भाग डिसेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रारूपकर्त्यांना अनिवार्य सर्वसमावेशक परवाना द्यावा, हक्कधारकांना नकाराचा पर्याय नसावा, मात्र त्यांना मोबदला मिळावा, असे सुचविण्यात आले. नकाराचा हक्क छोट्या लेखकाला प्रत्यक्षात वापरता येत नाही, हा त्यामागील विचार दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु खुल्या कोडच्या लेखकाने मोबदला मागितलेलाच नव्हता. त्याने नाव व परतफेड मागितली होती. पैसा देऊन ती अट पुरी होत नाही. कायद्याच्या कलम ५७ ने लेखकाला आपले लेखकत्व सांगण्याचा विशेष हक्क दिला आहे. त्याचा या संदर्भात विचार होणे आवश्यक आहे.

खानदेशापुढील प्रश्न :

हा वाद खानदेशापासून दूर नाही. धुळे व जळगाव येथील अभियांत्रिकी व संगणकशास्त्राचे विद्यार्थी आपले प्रकल्प सार्वजनिक भांडारांत ठेवतात, कारण नोकरीसाठी तेच त्यांचे प्रगतिपुस्तक असते. भांडारात न ठेवण्याचा नकार त्यांना परवडत नाही. परवाना निवडण्याचे ज्ञान मात्र देता येते, आणि ते अभ्यासक्रमाचा भाग होणे कठीण नाही.

भाषेच्या बाबतीत पेच अधिक गंभीर आहे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ मधील भागात खानदेशीची नोंद भिल्ली भाषांसोबत झाली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी गटाखाली सुमारे १८.६ लाख भाषक नोंदविले गेले. एवढ्या मोठ्या समाजाच्या बोलीचा लिखित मजकूर मात्र अत्यल्प आहे. मोठ्या भाषेने नकार दिला तरी यंत्राला तिचा मजकूर इतरत्र सापडतो. अहिराणीच्या मोजक्या संग्राहकांनी नकार दिला तर ती बोली यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच राहणार नाही. आणि अटीविना सर्व दिले तर गाणारीचे, सांगणाऱ्याचे नाव जाईल, बोलीचे नाव चुकेल आणि दुरुस्तीला जागा उरणार नाही. म्हणून 'देणे' किंवा 'न देणे' एवढ्या दोन पर्यायांत हा प्रश्न सुटत नाही. कोणत्या अटींवर द्यावे, हा खरा प्रश्न आहे.

निष्कर्ष :

१. मजकूर देण्यास नकार देण्याची प्रवृत्ती अज्ञानातून येते असे मानणे चुकीचे आहे. इनाम कमिशनच्या अनुभवाप्रमाणे ती पूर्वी झालेल्या हेतुबदलातून येते.

२. राजवाडे यांचे संकलन, गीताप्रवचने व बहिणाबाईंची गाणी या तिन्हींमध्ये मजकूर दूरवर गेला, तरी मूळ व्यक्तीचे नाव व मूळ शब्द टिकून राहिले. प्रसार व श्रेय यांचा मेळ घालता येतो, याचा पुरावा खानदेशातच आहे.

३. नंतर दिलेला नकार निष्प्रभ असतो. संग्रहापूर्वी विचारणे हीच संमतीची खरी कसोटी होय. कोड-भांडारांतील वगळणुकीच्या सोयी स्वागतार्ह असल्या तरी त्या या कसोटीस पूर्णतः उतरत नाहीत.

४. जो सर्वांचे वाचतो त्याने स्वतःची शिक्षणसामग्री उघड करावी, ही मागणी नकाराच्या हक्काइतकीच महत्त्वाची आहे. पेशवे दप्तर मोकळे होण्यासाठी अभ्यासकांना जी प्रतीक्षा करावी लागली तिची पुनरावृत्ती इष्ट नाही.

५. बोलींच्या मजकुराबाबत सांगणाऱ्याचे नाव, गाव, बोलीचे नाव व वापराची अट यांची नोंद संकलनाच्या वेळीच करावी. विद्यापीठ, महाविद्यालये व धुळ्यातील संशोधन मंडळासारख्या संस्था यांनी अशा नोंदीचा एक समान नमुना स्वीकारल्यास, पुढे यंत्राला मजकूर देण्याची वेळ आली तरी तो अटींसह देता येईल.

सोपानदेवांनी आईची वही अत्रे यांच्या हाती ठेवली, तेव्हा ती कोणाची आहे हे सांगणारा माणूस वहीसोबत होता. म्हणूनच असोद्याच्या निरक्षर स्त्रीचे नाव आज विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावर आहे. कोड असो वा ओवी, मजकुरासोबत त्याची ओळख सांगणारी नोंद पाठविण्याची जबाबदारी आता संग्रह करणाऱ्या संस्थांनी स्वीकारली पाहिजे.